मंत्रालयाचं दार दुपारी उघडतं, तोवर फोर्ट पायी बघा

परभणीहून मुंबईला मी पहिल्यांदा आलो तो फाईल घेऊन, आणि पुढची कितीतरी वर्षं फाईल घेऊनच येत राहिलो. रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, स्टेशनावरच तोंड धुऊन चहा घ्यायचा आणि मग मंत्रालयाच्या दारात वेळ काढायचा. सामान्य माणसाला आत सोडतात ते सहसा दुपारी. म्हणजे सकाळी सात ते दुपारी बारा हे पाच तास आपण मराठवाड्यातली माणसं वर्षानुवर्षं फुटपाथवर पेपर अंथरून घालवतो. त्याच फुटपाथवरून चार किलोमीटर चाललं तर साडेतीनशे वर्षांचं शहर दिसतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं. त्यानंतर ताईला आणि दाजींना घेऊन एकदा, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांना घेऊन दोनदा आणि एकटा कितीदा तरी ही वाट चाललो. ज्यांना कामासाठी, दवाखान्यासाठी किंवा कोर्टासाठी मुंबई गाठावी लागते, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

दिवस कोणता धरायचा

रविवारी सकाळी फोर्ट, म्हणजे सीएसएमटीपासून गेटवेपर्यंतचा मुंबईचा जुना भाग, रिकामा असतो. ऑफिसं बंद, टॅक्स्या कमी, रस्त्याच्या मधोमध उभं राहून मान वर करता येते. पण इमारतींची दारंही बंद असतात. कामाच्या दिवशी गर्दी नऊनंतर वाढते, म्हणून साडेसातला चालायला लागायचं. फक्त बघायला येणार असाल तर रविवार घ्या. सोबत काम असेल तर मंगळवार ते गुरुवार बरे.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला. जून ते सप्टेंबर पावसात चालणं तरुणांना जमेल, गुडघेदुखीवाल्यांना नाही, कारण फरशा निसरड्या होतात. ऑक्टोबर आणि एप्रिल-मे टाळाच. आपल्याला ४२ अंशांची सवय आहे म्हणून मुंबईच्या ३३ अंशांना कुणी हसू नये. आपल्याकडचं ऊन कोरडं, घाम आला की वाळतो. इथं तो वाळतच नाही. दाजी शेतात दिवसभर उन्हात उभे राहणारे, पण मार्चमध्ये सकाळी दहाला म्हणाले, "आंघोळ करून अंग न पुसता कपडे घातल्यासारखं वाटायलंय." सुती कपडे, माणशी एक लिटर पाणी आणि पायात मुरलेली, म्हणजे जुनी चप्पल. ताईनं मुंबईला जायचं म्हणून नवी सँडल घातली होती. ती अर्ध्या वाटेवर तुटली.

वाटाड्या कसा निवडायचा

एकट्यानं हिंडता येतं, पण मग इमारती दिसतात आणि त्यांच्यामागचं काही कळत नाही. जाणता माणूस सोबत हवाच. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेले गाईड गळ्यात ओळखपत्र घालतात. त्याशिवाय मुंबईत वारसा-फेऱ्या काढणारे गट आहेत, त्यात वास्तुरचना आणि इतिहास शिकलेली तरुण मुलंही असतात. किमान आठवडाभर आधी फोन करा आणि या गोष्टी विचारून घ्या: मराठीत सांगणार का, एका गटात किती माणसं, पैसे माणशी की गटाचे, किती अंतर, बसायला कुठं मिळेल, तिकिटं कुणी काढायची, पाऊस आला तर काय.

मराठीचा आग्रह धरा. इंग्रजीतून ऐकताना आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न तोंडातच राहतो.

गटाचा आकडा महत्त्वाचा. पहिल्या खेपेला मी स्वस्तात मिळाली म्हणून एक फेरी घेतली. आम्ही चाळीस माणसं होतो आणि वाटाड्या पुढं पळत होता. त्याचं अर्धं बोलणं बसच्या हॉर्नमध्ये गेलं, उरलेल्या अर्ध्यात कोणत्या नटाचं घर कुठं ते होतं, आणि शेवटी त्यानं आम्हाला शोभेच्या वस्तूंच्या दुकानात नेऊन सोडलं. तेव्हापासून मी दहा-बाराच्या वर माणसं असतील तर जात नाही.

आणखी एक परीक्षा सांगतो. फोनवर विचारा, "फोर्ट म्हणतात तो किल्ला कुठं आहे?" जो म्हणेल "आता नुसतं नाव उरलंय", त्याला सोडा. जो म्हणेल "तट १८६० च्या दशकात पाडला, पण तीन दरवाजे कुठं होते ते दाखवतो", तो आपला माणूस.

उतरल्यावर पहिला अर्धा तास

देवगिरी, नंदीग्राम, लातूर एक्स्प्रेस या गाड्या सीएसएमटीलाच येतात, हे आपलं नशीब. दादरला उतरायची घाई करू नका. मोठं सामान क्लोक रूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप आणि हातात रेल्वेचं तिकीट असल्याशिवाय सामान घेत नाहीत, तेव्हा गावाहून निघतानाच छोटं कुलूप घ्या आणि मोबाईलमधलं तिकीट पुसू नका. बायाबापड्यांनी स्टेशनावरच प्रसाधनगृहात जाऊन यावं. पुढं भरवशाची सोय थेट काळा घोड्याजवळ, संग्रहालयात.

नाश्ता हलका. स्टेशनासमोरच्या गल्ल्यांत पुरी-भाजी, वडापाव, सगळं मिळतं. इराण्याकडं ब्रून-मस्का आणि चहा घ्या. कडक पाव चहात बुडवूनच खायचा असतो, हे दाजींना सांगायचं राहिलं आणि त्यांनी तो भाकरीसारखा मोडायला घेतला.

स्टेशनापासून सुरुवात

ज्या इमारतीतून आपण शंभर वेळा घाईघाईत बाहेर पडतो, ती समोरच्या महापालिकेच्या बाजूनं उभं राहून बघायची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यानं ती बांधली. काम १८७८ मध्ये सुरू झालं, दहाएक वर्षं चाललं. २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. मधल्या घुमटावर हातात मशाल घेतलेली बाई म्हणजे 'प्रगती'. फाटकाच्या खांबांवर एकीकडं सिंह, दुसरीकडं वाघ: एक इंग्रजांचा, एक आपला. भिंतींवरचे मोर, खारी, पानं-फुलं यांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. दुर्बीण असेल तर आणा, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघा. पाठीमागची महापालिकेची इमारतही याच स्टीव्हन्सची, १८९३ ची.

वाटाड्याला इथं जुनं नाव विचारा: बोरीबंदर. हिंदुस्थानातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी इथून ठाण्याला गेली, ३४ किलोमीटर. आपल्याकडं निजामाची मीटरगेज मनमाडहून औरंगाबाद-जालन्याकडं आली ती १९०० च्या सुमारास. माझ्या लहानपणी मुंबईला यायचं म्हणजे मनमाडला बोजाबिस्तरा उचलून गाडी बदलायची. वडील त्याला 'मनमाडची परीक्षा' म्हणत.

बोरीबंदर शब्दातलं 'बंदर' पकडून ठेवा. ताई तासभर विचारत होती, "समुद्राचं गाव म्हणायलास, पाणी कुठंय?" समुद्र शेवटी दिसतो. तोवर तो नावांत शोधायचा: बोरीबंदर, मस्जिद बंदर, चिंच बंदर, अपोलो बंदर. मुंबई ही मुळात सात बेटं. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात ती इंग्लंडच्या राजाकडं गेली आणि १६६८ मध्ये त्यानं वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. मधल्या खाड्या बुजवत बुजवत एक जमीन झाली. आपण ज्या फुटपाथवर उभे असतो त्याच्या पूर्वेचा बॅलार्ड पिअरचा भाग तर विसाव्या शतकात भराव घालून केलेला.

टपाल कचेरीवरून टाऊन हॉलकडं

स्टेशनाच्या बाजूनं दक्षिणेला लागलं की जीपीओ येतं. त्याचा घुमट बघून दाजी म्हणाले, "हे तर विजापूरसारखं." बरोबर आहे. जॉन बेग या वास्तुविशारदानं गोल घुमटाकडं बघूनच तो घेतला. नळदुर्ग आणि परांडा या आपल्या किल्ल्यांवर आदिलशाहीची छाप आहेच, तेव्हा हा घुमट मराठवाड्याच्या माणसाला अनोळखी वाटत नाही.

पुढं दहा-बारा मिनिटांवर टाऊन हॉल. १८३३ मध्ये पुरा झालेला, पांढरे जाड खांब, तीस पायऱ्या. आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय, तिची सुरुवात १८०४ ची. आत नाना शंकरशेटांचा पुतळा आहे. वाचणाऱ्या माणसानं कामाच्या दिवशी परवानगी विचारून आत डोकवावंच. मी तिथं एका खेपेला फेरी सोडून बसलो आणि वाटाड्यानं मला फोन करून बोलावलं.

समोरचं गोल उद्यान म्हणजे हॉर्निमन सर्कल. इथं वाटाड्यानं दोन मिनिटांत आटोपलं तर त्याला थांबवा, कारण कापूस पिकवणाऱ्या माणसानं सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी ही जागा आहे. किल्ला होता तेव्हा हे मोकळं मैदान होतं आणि इथं कापसाच्या गाठी रचून ठेवत. पुढं तो बाजार कुलाब्याकडं हलला. टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल उभे राहून सौदे करत, त्यांच्यातूनच १८७५ मध्ये शेअर बाजाराची संस्था निघाली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस बंद झाल्यावर इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर तुटून पडल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच काळात गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं तट पाडला आणि नवं शहर आखायला घेतलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरचे कागद रद्दी झाले, भलेभले बुडाले.

दाजी तोवर जांभया देत होते. हे ऐकून सावरून बसले. "म्हणजे लढाई कुठं, भाव कुठं! आपलं तेच चालू की." मग वाटाड्याला त्यांनीच उलटं विचारलं, तेव्हा शेतकऱ्याला गाठीमागं काय मिळत होतं. त्या बिचाऱ्याकडं उत्तर नव्हतं. पण प्रश्न विचारणारी माणसं त्याला आवडली असावीत, कारण पुढची फेरी त्यानं आमच्या चालीनं चालवली.

इथून पश्चिमेला वीर नरिमन रस्त्यावर सेंट थॉमस कॅथेड्रल, १७१८ चं. किल्ल्याच्या दरवाज्याला चर्चगेट नाव पडलं ते या चर्चवरून. स्टेशनाचं नाव त्याच्या खूप नंतरचं.

हुतात्मा चौकात थांबा

तो चर्चगेट दरवाजा जिथं होता तिथंच १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. फ्लोरा म्हणजे रोमन लोकांची फुलांची देवी. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटाडे कारंज्याजवळ फोटो काढायला लावतात आणि निघतात. आपण रस्ता ओलांडून शेजारच्या स्मारकापाशी जायचं. शेतकरी आणि कामगार, दोघांनी मिळून मशाल धरलेली.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी या चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. मराठवाड्याच्या माणसाला ही तारीख आपल्या दुसऱ्या तारखांशेजारी ठेवून बघावी लागते. आपण १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाकडून सुटलो. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं आणि आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे आपल्या वडिलांच्या पिढीनं घर न बदलता बारा वर्षांत चार राज्यं बघितली. माझे वडील उर्दूत शिकले, हिशेब शेवटपर्यंत उर्दू आकड्यांत करत. इथं उभं राहून त्यांची आठवण काढायला पाच मिनिटं मागून घेतली, तर चांगला वाटाड्या नाही म्हणत नाही.

कोर्ट, मैदान, घड्याळ

हुतात्मा चौकातून ओव्हल मैदानाकडं वळा. ही मैदानं इतकी मोकळी कशी राहिली? तटावरच्या तोफांना समोर आडोसा नको म्हणून किल्ल्याबाहेरची जमीन रिकामी ठेवलेली असे. ओव्हल, क्रॉस, आझाद ही त्याच रिकाम्या पट्ट्याची लेकरं. तट गेल्यावर त्याच्या कडेनं नव्या इमारती रांगेत उभ्या राहिल्या.

उच्च न्यायालयाची इमारत १८७८ ची. १९०८ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला इथंच चालला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. आत जायला सुरक्षा तपासणी आणि पास लागतो, फेरीत ते जमवत बसू नका. आपल्याला हायकोर्टाचं काम आता बहुतेक औरंगाबादलाच होतं, ते खंडपीठ १९८१ पासूनचं. त्याआधी जमिनीच्या एका दाव्यासाठी आमचे आजोबा इथं खेटे घालत. ताईनं इमारतीला हात जोडले, का ते मी विचारलं नाही.

शेजारी विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, ८५ मीटर उंच. आराखडा इंग्लंडच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, पैसे कापसाच्या तेजीत श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंदांचे. राजाबाई ही त्यांची आई. सूर्यास्तापूर्वी जेवायचं व्रत, डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून वेळ कळायला मुलानं घड्याळ बांधलं, अशी गोष्ट सांगतात. वाटाड्यानं ती सांगावी, पण 'असं सांगतात' म्हणून सांगावी. इतका फरक जो पाळतो त्याला मी पुढच्या खेपेला पुन्हा बोलावतो.

ओव्हलच्या फुटपाथवर मध्ये उभं राहा. पूर्वेला टोकदार कमानींचं, दगडी, एकोणिसावं शतक. पश्चिमेला गोलसर गच्च्यांच्या, गुळगुळीत, १९३० च्या आसपासच्या आर्ट डेको इमारती. दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्या. इथं सावलीत दहा मिनिटं बसवा सगळ्यांना, पाणी प्यायला लावा. म्हातारी माणसं 'काही नाही, काही नाही' म्हणतात आणि मग एकदम खाली बसतात.

काळा घोडा आणि संग्रहालय

काळ्या घोड्याच्या पुतळ्यावरचा मूळ स्वार इंग्लंडचा राजपुत्र, पुढचा सातवा एडवर्ड. तो पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला, नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं. २०१७ मध्ये नवा घोडा आला, त्यावर स्वार नाही. जवळच निळं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८८४ चं, आणि डेव्हिड ससून ग्रंथालय. पलीकडच्या लोखंडी सांगाड्याच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली, हिंदुस्थानातला पहिला सिनेमा तो. ती इमारत आज दुरवस्थेत आहे. रस्त्यावरूनच बघा.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सकाळी सव्वादहाच्या सुमारास उघडतं. पूर्ण बघायला अर्धा दिवस लागतो, तेव्हा फेरीत फक्त बाग, घुमट आणि प्रसाधनगृह. हाही घुमट गोल घुमटाच्या वळणाचा, वास्तुविशारद जॉर्ज विटेट. ज्यांना त्या दिवशी काम नाही त्यांनी फेरी इथंच संपवून आत जावं, मला तर तेच योग्य वाटतं.

शेवटी पाणी

गेटवेही विटेटचाच. पाया १९१३ ला, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला. १९११ मध्ये पंचम जॉर्ज इथं उतरला त्याची आठवण म्हणून बांधला आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून बोटीत बसली. हा पिवळसर दगड बेसॉल्टच आहे, वेरूळ-अजिंठ्याचा दगड ज्या जातीचा त्याच जातीचा.

आपली आणि समुद्राची ओळख नवीन नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर यांची नावं आहेत. तिथला माल गाड्यांवर घालून भडोच बंदरात नेत असं त्यात लिहिलंय: पैठणहून अकीक, तेरहून कापड. ताईचं माहेर आणि सासर गोदाकाठचंच. ती कठड्याला टेकून बराच वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, "पैठणच्या धरणाएवढं तर दिसतंय." धुकट दिवस होता, तिचं काही चुकलं नव्हतं.

घारापुरीच्या बोटी इथूनच सुटतात. जायला तास, यायला तास, वर चढण, आणि सोमवारी लेणी बंद. हातात काम असेल त्या दिवशी तिकडं बघूही नका. गेटवेच्या फोटोवाल्यांशी भाव आधी ठरवा. वाटाड्याचे पैसे इथंच चुकते करा आणि त्याचा नंबर नावासकट जपून ठेवा.

गेटवेहून मंत्रालय दीड-दोन किलोमीटर. टॅक्सी मीटरनं घ्या, बाराच्या आत पोचता, रांगेत पुढं नंबर लागतो. प्रवेशासाठी ओळखपत्र लागतं. आणि फाईल खांद्याच्या पिशवीतच ठेवा, कुलपाच्या बॅगेत नको. माझी एकदा क्लोक रूममध्ये राहिली होती. पुन्हा सीएसएमटी गाठून आणली तोवर साहेब मीटिंगला गेले होते.